राजेश्री पळायलीय!

"पोहणं? ते मला शिकवू नका!" राजेश्रीनं कृषी कार्यालयात चहाचा कप टेबलावर आदळत जाहीर केलं. "बाभूळवाडीच्या विहिरीत काठावरून सूर मारायचे मी! सायकल तर येतेच. आन् पळायचं म्हणाल, तर साहेबांच्या मीटिंगला रोजच पळत येते!"

सगळे हसले आणि इथंच घात झाला. हसण्यावारी नेलेली गोष्ट राजेश्रीला सहन होत नसे. तिनं तिथल्या तिथं मोबाईल काढला आणि ट्रायथलॉनला नाव नोंदवून टाकलं.

ही शर्यत जिल्ह्यातल्या एका क्रीडा मंडळानं पाथरीजवळच्या तलावावर ठेवली होती. आधी साडेसातशे मीटर पोहायचं, अंग पुसायच्या आत वीस किलोमीटर सायकल हाणायची आणि सायकलवरून उतरलं की तलावाच्या बांधावरून पाच किलोमीटर पळायचं. या प्रकाराला म्हणे 'छोटी' ट्रायथलॉन म्हणतात!

सरावाला महिनाभर होता. पण राजेश्री कृषी सहायक. अवकाळी पाऊस झाला, पंचनामे निघाले आणि महिना चिखलातच गेला. सराव म्हणाल तर एका रविवारी माहेरच्या विहिरीत पोहून झालं. नवरा जीवन मोटार वाइंडिंगच्या दुकानात दिवसभर मान मोडून बसायचा. त्यानं लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतलेली आणि पुढं टॉवेल वाळवायला लावलेली सायकल खाली उतरवून कॉलनीत चार फेऱ्या झाल्या. पळणं राहूनच गेलं.

"पळणं काय, शेवटी हाय," राजेश्री म्हणाली. "तवर अंग गरम झालेलं असतं."

शर्यतीच्या दिवशी जीवन आणि सासूबाई दोघंही आले. सासूबाई म्हणजे सरजाबाई. सुनेचं कौतुक होतं त्यांना, पण ते तोंडावर बोलायची पद्धत त्यांच्याकडं नव्हती. त्या भाकरीचं गाठोडं घेऊन बांधावर बसल्या आणि म्हणाल्या, "थंडीत पाण्यात कशाला उतरायचं गं? घरी गिझर हाय की."

शिट्टी वाजली. राजेश्रीनं असा काही सूर मारला, की बांधावरची मंडळी उठून उभी राहिली! पहिले दहा-पंधरा हात तर ती सगळ्यांच्या पुढं होती. मग ती हळूच डावीकडं वळली. आणखी वळली. आणि वळत वळत जिथून निघाली होती तिथंच परत आली!

"आली!" सरजाबाई खूश झाल्या. "झालं का गं?"

राजेश्रीनं डोकं वर काढलं. समोर सासूबाई! तेव्हा तिच्या ध्यानात आलं. जन्मभर ती विहिरीत पोहली होती आणि विहीर गोल असते! सरळ पोहायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. दुसऱ्यांदा निघाली तर पलीकडं डुंबत बसलेल्या म्हशींत जाऊन पोचली. एका म्हशीनं तिच्याकडं असं बघितलं, जसं जावेनं जावेकडं बघावं.

"पिवळ्या टोपीवाल्या म्याडम, सरळ! सरळ जा!" होडीतला माणूस भोंग्यावरून ओरडला.

"तुमीच डाव्या अंगाला ऱ्हावा ना भाऊ!" राजेश्री ओरडली. "भिंत असल्याशिवाय जमंना गेलंय मला!"

शेवटी होडी तिच्या डाव्या बाजूनं विहिरीच्या भिंतीसारखी चालली आणि राजेश्री काठाला लागली. तोवर बाकीच्यांच्या सायकली दिसेनाशा झाल्या होत्या. पाथरीतले एक डॉक्टर तेवढे जाताना पाठमोरे दिसले.

ती सायकलीपाशी धावली, तर बूट गायब! इकडं बघितलं, तिकडं बघितलं. बूट सरजाबाईंनी कोणी चोरू नयेत म्हणून उचलून गाठोड्यात भाकरीखाली नीट बांधून ठेवले होते आणि त्या निवांत शर्यत संपायच्या ठिकाणचा मांडव बघायला गेल्या होत्या. "तुमच्या सासूबाई घेऊन गेल्या," तिथला पोरगा म्हणाला. पण त्यांना शोधत कोण बसणार? राजेश्रीनं तशीच टांग मारली. अंगातली पँट आणि टी-शर्ट गळतायत, पाय अनवाणी आणि तलावाच्या पाण्यानं डोळे लालभडक!

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. सायकलीचा रस्ता जात होता बाभूळवाडी फाट्यापर्यंत आणि तिथून वळून माघारी. म्हणजे थेट तिच्या माहेराकडं! त्यात त्या रस्त्यावरची निम्मी गावं तिच्या कामातली, सगळे ओळखीचे. शेतातून एकानं हात केला, "म्याडम, थांबा की! हरभऱ्यात घाटेअळी पडलीय!"

"निंबोळी अर्क!" राजेश्रीनं न थांबता सांगितलं.

"पर तुमी वल्ल्या कशानं झाल्या?"

"नंतर सांगते!"

तो शेतकरी बिचारा बायकोला म्हणाला, "म्याडम रडत चालल्यात गं. घरी काहीतरी झालंय."

फाट्यावर धुरपताबाई जीपची वाट बघत उभ्या होत्या. या राजेश्रीच्या चुलतीच, माहेरच्या शेजारच्या घरातल्या. गावात कोणाच्या घरी फोडणीत मोहरी जळली तरी यांना आधी कळायचं. पुतणीला बघून त्यांच्या हातातली पिशवीच खाली पडली.

"राजे! ए पोरी! ही काय दशा? चपला कुठायत?"

"सासूबाईंनी ठेवून घेतल्या, काकी!" राजेश्री धापा टाकत सायकल वळवत होती.

"आगं माय! चल घरी. आदी घरी चल!"

"न्हाई काकी, थांबायला येळ न्हाई! टायमात माघारी न्हाई गेले तर बाहेर काढतेत मला!"

म्हणायचं होतं शर्यतीतून. पण एवढं सविस्तर बोलायला छातीत हवा पाहिजे ना! सायकल भुर्रकन निघून गेली आणि धुरपताबाईंनी राजेश्रीच्या वडिलांना फोन लावला.

"लिंबाजी भावजी, बसलात काय! लेकीला वल्ल्या अंगानं घराबाहेर काढायलेत! चपला सुदिक काढून घेतल्या!"

लिंबाजी हा तसा शांत माणूस. लेकीच्या लग्नात मानपानावरून सगळी भावकी रुसली, तरी हे एकटे हसत होते. पण फोन ठेवला तेव्हा त्यांच्या मिशा थरथरत होत्या. त्यांनी भावकीतले चौघं जीपमध्ये कोंबले, फाट्यावर धुरपताबाईंना उचललं आणि जीप पाथरीकडं सोडली. लेकीच्या घराला कुलूप! शेजाऱ्यानं सांगितलं, सगळे तलावावर गेलेत. तलाव म्हटल्यावर तर लिंबाजींना भलतंच वाटलं आणि त्यांनी जीप तशीच तलावाकडं पळवली!

ते बांधावर पोचले तेव्हा जीवन एका हातात टॉवेल आणि दुसऱ्या हातात सोललेलं केळं घेऊन उभा होता.

"जावईबापू!" लिंबाजी गरजले. "आमची राजेश्री कुठं हाय?"

"ती होय? पळायलीय," जीवन हसून म्हणाला.

"पळायलीय! आन् तुमी हितं केळं खात उभे?"

"मी कशाला खाऊ? तिच्यासाठीच हाय. पळून दमली की द्यायचं."

भावकीतल्या एकानं बाह्या सरसावल्या. धुरपताबाई सरजाबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "विहीणबाई, चपला काढून घेतल्या का न्हाई पोरीच्या? खरं सांगा!"

"चपला न्हाई, बूट," सरजाबाई म्हणाल्या. "आन् दिले की माघारी! भाकरीखाली व्हते."

"ऐका!" धुरपताबाईंनी सगळ्यांना साक्षीला बोलावलं. "स्वतःच्या तोंडानं सांगायल्यात!"

तेवढ्यात बांधाच्या वळणावरून राजेश्री आली. पायात बूट होते, पण पाय तिचे राहिले नव्हते. तोंड उघडं, केस विस्कटलेले, धाप अशी की पिठाची गिरणी बरी! समोर सगळं माहेर उभं बघून तिला वाटलं, उन्हानं भ्रम झाला. थांबावं, तर पाय परत उचलणार नाहीत. ती तशीच पुढं निघाली.

"राजे, थांब!" लिंबाजी धोतराचा सोगा वर खोवून तिच्या बाजूनं पळायला लागले. "भिऊ नको! बाप आलाय तुझा! कोणी हाकललं तुला?"

राजेश्रीनं नुसती मान हलवली. बोलणं शक्यच नव्हतं.

"बोलायची बी चोरी!" मागून धुरपताबाई ओरडल्या. त्याही पळायलाच लागल्या होत्या.

आता मात्र सरजाबाईंचा धीर सुटला. त्यांनी लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि अशा काही सुटल्या, की व्याह्यांना मागं टाकून सुनेच्या बरोबरीला आल्या! "सांग! सांग तुझ्या बापाला! कधी एका शब्दानं बोलले का तुला? माझं चहात साखर कमी असती एवढंच म्हणणं असतंय! सांग!"

त्यांच्या मागं भावकीतले चौघं, चौघांच्या मागं केळं धरलेला जीवन. राजेश्रीनं कसाबसा श्वास गोळा केला.

"शर्यत हाय, बाबा! शर्यत!"

लिंबाजींनी पळता पळताच विचारलं, "शर्यत? मंग वल्ली कशानं झालीस?"

"पोहले!"

"आन् सायकल?"

"ते बी शर्यतीतच!"

लिंबाजींना एवढं हायसं वाटलं, की त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्यांनी ते पागोट्याच्या शेवानं पुसलं आणि विचारलं, "मंग तू कितवी हाईस?"

"शेवटची."

"शेवटची?" लिंबाजींचा आवाज परत चढला. "आपल्या घरातली पोरगी शेवटची? हाण! तो पुढं लंगडतोय कोण?"

पुढं ते मघाचे डॉक्टर होते. पोटरीत गोळा येऊन बगळ्यासारखे चालले होते. लिंबाजी ओरडायला लागले, भावकी ओरडायला लागली. मघा भांडायला आलेल्या धुरपताबाई टाळ्या वाजवून म्हणाल्या, "हाण गं माझी वाघीण!" आणि सरजाबाई सुनेच्या पुढं होऊन, "चल, चल, माझ्या मागं चल!" म्हणत वाट मोकळी करत निघाल्या. राजेश्रीला कुठून बळ आलं कोण जाणे! मांडवाच्या अगदी तोंडाशी तिनं डॉक्टरांना गाठलं आणि मागं टाकलं.

आता, शर्यत पुरी करणाऱ्या प्रत्येकाला पदक होतं. पदकं द्यायला बोलावलेल्या प्रमुख पाहुण्यांना दुसऱ्या कार्यक्रमाला जायची घाई होती. कोणीतरी सांगितलं, "या म्याडम आल्या बघा!" पाहुण्यांनी मोबाईलवरचं बोलणं न थांबवता पुढं आलेल्या पहिल्या बाईच्या गळ्यात पदक घातलं, फोटो काढून घेतला आणि गाडीत बसून निघून गेले.

पदक सरजाबाईंच्या गळ्यात होतं.

"आई," धाप जरा बसल्यावर राजेश्री म्हणाली, "ते माझं हाय."

"तुझं कसं?" सरजाबाईंनी पदक मुठीत धरलं. "पुढं कोण व्हतं?"

यावर लिंबाजी एवढे हसले, की जीवनला त्यांना धरून बसवावं लागलं. मग सगळ्यांनी बांधावरच बसून ती गाठोड्यातली भाकरी खाल्ली. दोन्ही घरचे एकत्र बसून इतकं पोटभर हसले, असं लग्नानंतर पहिल्यांदाच झालं. राजेश्रीला उठवत नव्हतं. केळंही तिला जीवननं भरवलं आणि पदकाचं तिला खरोखरच काही वाटेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती पायाला तेल लावत आतल्या खोलीत पडली होती. ओट्यावर कॉलनीतल्या बायका जमल्या होत्या. मधोमध सरजाबाई, गळ्यात पदक. कसा श्वास धरायचा, वळणावर पाय कसा टाकायचा, डॉक्टरला कसं गाठलं, सगळं साग्रसंगीत चाललं होतं.

"आन् सूनबाई?" एकीनं विचारलं. "त्या काय करत व्हत्या?"

राजेश्रीनं कान टवकारले. सरजाबाईंनी गळ्यातलं पदक सरळ केलं. मग मोठ्या मनानं म्हणाल्या,

"आली व्हती की ती बी. माझ्या सोबतीला!"