लहानूकाकांचा पुढचा शब्द

आमच्या गल्लीत वाक्य अर्धवट ठेवायची सोय नाही. बोलता बोलता तुम्ही एखाद्या शब्दापाशी अडलात, की समोरच्या बांबूच्या कुडामागून तो शब्द येतो. खर्जातला, घाईचा, जेमतेम ऐकू जाईल असा. तुम्ही तो उचलता, वाक्य पुरं करता आणि पुढं जाता. नव्या माणसाला वाटतं, आपल्यालाच आठवलं. आम्हाला माहीत असतं, की ते लहानूकाका आहेत.

अर्जुनी मोरगावपासून थोडं आत, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आमचं गाव. पाळीकडे जाणाऱ्या गल्लीत आमचं आणि काकांचं घर समोरासमोर. काका आयुष्यभर आमच्या झाडीपट्टीतल्या नाटकांचे प्रॉम्प्टर होते. दिवाळीनंतर इकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडई म्हटली की नाटक हवंच. नटांना आज या गावी तर उद्या त्या गावी जायचं असतं, तालमीला वेळ कुठला? मग विंगेत एक माणूस वही घेऊन बसतो आणि राजापासून रडणाऱ्या विधवेपर्यंत सगळ्यांचे संवाद एक क्षण आधी कुजबुजत राहतो. तीस हंगाम काकांनी हे केलं आणि एकाही प्रेक्षकानं त्यांना पाहिलं नाही. त्याचं त्यांना दुःख नाही, उलट गर्व आहे. "नाटक माह्या जिभेवर चालत होता. तोंड तेवढा त्यायचा," असं ते छाती पुढं काढून सांगतात.

नाटकं सुटली, सवय सुटली नाही. जित्याची खोड, दुसरं काय. एकदा ग्रामसभेत सरपंच रंगात आले होते. "हा पाळीवरचा रस्ता उन्हाळ्याच्या आत झाला नाही, तर मी..." आणि अडले. मागच्या रांगेतून खर्जातला आवाज आला, "संन्यास घेऊन हिमालयात जाईन." कुठल्याशा जुन्या नाटकातलं वाक्य. सरपंचांनी ते हात उंचावून जसंच्या तसं ठोकलं. टाळ्याही पडल्या. रस्ता अजून झालेला नाही, आणि सरपंच दिसले की लोक आस्थेनं विचारतात, "भाऊ, हिमालयाचं तिकीट कवाचं काढलं?"

माझ्यावर मात्र काकांचे उपकार आहेत. बारावीनंतर बाबा एकदा माझ्यावर भडकले. कारण काय होतं ते सोडा, मोबाइल होतं. अंगणात उभं राहून ते गरजले, "आता बस झालं. उद्यापासून तुझं कॉलेज..." आणि राग इतका होता, की शब्द सापडेना. कुडामागून आलं, "चालूच राहीन." बाबा त्याच आवाजात ओरडले, "चालूच राहीन!" मग स्वतःच चपापले. पण सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं, शब्द मागे कसा घेणार? म्हणून मी आज गोंदियाला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे.

तर याच वर्षी समाजशास्त्राच्या सरांनी आम्हाला प्रकल्प दिला. आपल्या परिसरातलं रोजचं जगणं पंधरा दिवस टिपायचं. पाहा, ऐका, लिहा, जमलं तर आवाज रेकॉर्ड करा. सगळ्यात चांगला प्रकल्प नागपूरच्या प्रदर्शनाला जाणार होता. मी कधी नागपूरला स्वतःच्या कामासाठी गेले नव्हते, मावशीच्या बाळंतपणालाच गेले होते. मी तर हवेतच गेले. सरांनी शेवटी बजावलं, "ज्यांचं टिपाल त्यांची परवानगी घ्या." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आणि वहीतच ठेवलं.

कारण सांगून पाहिलं की माणसं रोजच्यासारखी राहतच नाहीत, पदर सावरून उभी राहतात. म्हणून मी आमच्या माळ्याच्या खिडकीत गोणपाट टांगलं, त्याला भोक पाडलं आणि फोन लावून बसले. कोण तलावावर धुणं घेऊन चाललं, कोण कोणाशी भांडलं, कोण कोणाकडे बघून हसलं. चोरून बघण्यात इतकी मजा असते हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी आधीच समाजशास्त्र घेतलं असतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फोनमध्ये समोरचा कूड मोठा करून पाहिला, तर कुडालाही एक भोक होतं. आणि भोकात एक डोळा होता. मी डोळ्याकडे पाहत होते आणि डोळा माझ्याकडे.

मी तरातरा खाली उतरले. कुडामागे काका पाटावर बसले होते, मांडीवर शंभर पानी वही.

"काका, तुम्ही माझ्यावर नजर ठेवता?"

"अन् तू माळ्यावर का करून राह्यलीस? तीन दिवसापासून पाहून राह्यलो तुले. गोणपाट लावलीस तवाच समजलो मी."

"माझा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे."

"माहा बिना कालेजचा हाये," काका म्हणाले आणि वही माझ्यापुढं सरकवली.

चोरावर मोर म्हणतात तो हा. मी दोन दिवसांत पान भरलं होतं: 'सकाळी महिला धुणे धुण्यास जातात.' काकांच्या वहीत असं होतं:

'रत्ना (डोक्यावर घमेला): काल आनला वं लेकराले दवाखान्यातून. ताप उतरला.
दुर्गा (थांबत नाही): मंग दोन दिवस खिचडीच दे त्याले.
(दोघी पाळीकडे जातात.)'

गल्लीतलं प्रत्येक माणूस असं नाटकासारखं लिहिलेलं. कोणाची सून, कोणाचं लेकरू, कोण कुठून आलं, काय म्हणालं. तारीखवार. अशा अकरा वह्या फडताळात होत्या. मी एकामागून एक वही उघडत गेले. अख्ख्या गल्लीचं रोजचं जगणं, आयतं.

"काका, हे कशाला लिहिता?"

"कायले म्हंजे? लोक बोलते अन् विसरते. कोनाजवर तरी वही पाह्यजे का नाई?"

मग काका माझे गुरूच झाले. "महिला जाते असा लिहू नोको. कोन जाते, का बोलते, थे लिव्ह. अन् कान पुढं ठेव, डोरे मांगं." माझ्या आळसाला त्यांच्याकडे एकच औषध होतं, "घे, सामोर," म्हणजे पुढचं घे. दोन बायका बोलत असताना तिसरी मध्येच आली की ते हळहळायचे, "एन्ट्री चुकली." आम्ही दोघं कुडामागे बसायचो आणि मला सकाळ कधी होते असं व्हायचं.

गल्लीतल्या बायकांना मात्र यात काही मजा वाटत नव्हती, आणि त्यांचं तरी काय चुकलं? दुर्गाची सासू एकदा कुडासमोर उभी राहून म्हणाली, "बुढ्याले लाज नाई. बायायचं बोलनं चोरून आयकते अन् लिहून ठेवते." तिनं पंचायतीत अर्ज द्यायचीही भाषा केली. ज्या माणसाला सगळ्या गावाच्या तोंडचे शब्द येतात, तो स्वतःसाठी एक शब्द बोलला नाही. वही मिटून आत गेला.

आत शेवंताकाकी असायच्या. काकांची बायको. गल्लीतल्या निम्म्या पोरांची नाळ काकींनी कापलेली, त्यामुळे गावातली लेक माहेरी आली की आधी त्यांच्या पाया पडायला येते. अलीकडे काकी घराबाहेर पडत नसत. गुडघे धरलेत, असं काका सांगत. कोणी भेटायला आलं की काका फाटकातूनच पुकारत, "आली का रत्ना, धर्माची सून!" आम्ही म्हणायचो, नाटकवाला माणूस, प्रत्येकाची एन्ट्री गाजवून करतो.

आमच्या गावची मंडई आली. घरोघर पाहुणे, सगळ्या लेकी माहेरी. सरांनी सांगितलं होतं, की घरातल्या गप्पांचं एक सलग रेकॉर्डिंग मिळालं तर तुझा प्रकल्प नागपूरला गेलाच समज. यापेक्षा चांगली संधी कुठली? मी काकींच्या खोलीत पाणी द्यायच्या निमित्तानं गेले, फोन खिडकीतल्या घडी केलेल्या चादरीखाली सरकवला आणि चालू केला. काकी बसल्या होत्या तिथंच मागे, आतल्या दाराच्या पडद्याआड काका उभे होते. बायकांत नको म्हणून असतील, असं मला वाटलं. दोन तास येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ होती. काकी सगळ्यांशी इतकं गोड बोलल्या, की दुर्गाची सासूसुद्धा निवळली.

दुसऱ्या दिवशी प्रकल्प द्यायची शेवटची तारीख. सकाळच्या गाडीत खिडकीची जागा मिळाली. कापलेल्या धानाची शेतं मागे पळत होती आणि मी आनंदात कानात इअरफोन घातले.

कोणीतरी म्हणालं, "काकी, ओळखलीस का?" मग थोडी शांतता. मग एक आवाज, जो त्या खोलीत आलेल्या पाहुण्यांपैकी कोणालाच ऐकू गेला नसेल, पण पडद्याशेजारच्या खिडकीतल्या फोनला गेला होता: "रत्ना. धर्माची सून. लेकराले ताप होता."

"ये वं रत्ना," काकी म्हणाल्या. "लेकराचा ताप उतरला का?"

पुढची आली. पुन्हा शांतता. पुन्हा खर्जातला आवाज: "सुमन. तू कापलीस तिची नाळ. नवरा सालेकशाले फॉरेस्टात."

"सुमन, माह्याच हातची तू. नवरा फॉरेस्टातच हाये ना अजून?"

एकामागून एक, दोन तास. काकींना गल्लीतलं एकही माणूस आठवत नव्हतं. आणि एकाही माणसाला ते कळलं नव्हतं. त्या अकरा वह्या कशासाठी होत्या ते मला त्या गाडीत कळलं. मी रडले. शेजारच्या बाईनं मला न विचारता पाण्याची बाटली दिली.

शेवटचा भाग ऐकायच्या आधीच गोंदिया आलं. कॉलेजच्या फाटकाशी मी बराच वेळ उभी होते. खोटं कशाला बोलू, नागपूर डोळ्यांसमोर होतं. नावं बदलून देता येईल, हाही विचार केला. पण नाव बदललं तरी तो आवाज आमच्या भागात कोण ओळखणार नाही? शेवटी मी 'महिला धुणे धुण्यास जातात' छापाची वही दिली. सर चाळून म्हणाले, "जगणं आहे, पण माणसं कुठं आहेत?" रेकॉर्डिंगचं विचारलं तेव्हा मी सांगितलं, उडालं. भातगिरणीतल्या बायकांवरचा मैत्रिणीचा प्रकल्प नागपूरला गेला. चांगला होता.

दुपारी परतले ती सरळ काकांकडे. त्यांना मागच्या सांदवाडीत, परसात, नेलं आणि सगळं कबूल केलं. काका ओट्यावर बसले.

"कोनाकोनाले आयकवलीस?"

"कोणालाच नाही. कॉलेजात पण नाही."

"तिले कोनी येडी म्हनू नये, एवढंच हाये पोरी. बुढा बायायचं आयकते म्हनते ना लोक? म्हनू दे. माह्यावर बोलते तवर तिच्याकडे कोनी नाई पाहत."

मग हात पुढं करून म्हणाले, "आन. आयकव."

एक इअरफोन त्यांनी घेतला, एक माझ्या कानात. आपल्याच कामाची त्यांनी तपासणी सुरू केली. "रत्नाच्या वक्ताले आवाज मोठा झाला... सुमनचा बराबर पडला." हळूहळू ते खूश व्हायला लागले. तीस हंगामांत त्यांनी स्वतःचा आवाज कधी ऐकलाच नव्हता.

बायका निघून गेल्या. फाटक लागल्याचा आवाज आला. हा भाग मीही ऐकला नव्हता.

"गेल्या का साऱ्या?" काकींचा आवाज.

"गेल्या."

"आनि तुमी कोन?"

मी बंद करायला हात नेला. काकांनी माझं मनगट धरलं. फोनमधला त्यांचा आवाज जराही अडखळला नाही. त्याच खर्जात, त्याच घाईनं आला: "लहानू. तुहा नवरा."

"ये लहानू, बस," काकी म्हणाल्या. "जेवला का रे?"

आमच्याकडे बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. काकींच्या वयाच्या बायका तर मतदार यादीतलं नाव विचारलं तरी शेजारणीकडे बघतात. इतक्या वर्षांत काकींनी त्यांना "आयकलं का" यापलीकडे हाक मारलेली मी ऐकली नव्हती.

काकांनी माझं मनगट अजून सोडलं नव्हतं. मग म्हणाले, "तिनं नाव घेतलं माहा. मले तवा आयकूच नाई गेला वं. मी उद्या कोन येईन त्याचा कागद पाहून राह्यलो होतो."

मी काय बोलू ते मला सुचेना. त्यांनीही काही सुचवलं नाही.

"आखीन एकदा लाव," ते म्हणाले.

मी तेवढंच मागे नेऊन लावलं. काका डोळे मिटून बसले. काकींनी नाव घेतलं, बस म्हणाल्या, जेवला का रे म्हणून विचारलं, आणि काका फोनकडे वाकून हळूच म्हणाले, "नाई वं. अजून नाई जेवलो."