वामसाहेबांची काही अपेक्षा नाही

एका जंगलात, मुलांनो, अक्कल वयानुसार वाटलेली होती. ज्याचं वय जास्त त्याला अक्कल जास्त. हे वयस्करांनीच ठरवलं होतं.

त्या जंगलाच्या राजानं काचेची टाकी बसवली. तिच्यात खाडीचं मचूळ पाणी भरलं, ना धड गोडं, ना धड खारं. तळाला वाळू घातली आणि वाळूत एक वाम मासा सोडला. हातभर लांब, दिवसभर वाळूत तोंड खुपसून पडलेला. त्याला सगळे वामसाहेब म्हणत.

"साहेबांना एकटं वाटत असेल," राजा म्हणाला. सोबती निवडायला समिती बसली. अध्यक्ष बेडूक आजोबा. सदस्य बगळेकाका.

"आपल्या अपेक्षा?" समितीनं विचारलं.

"आमची कसली अपेक्षा," वामसाहेब वाळूतून म्हणाले. "सोबती फक्त या कड्यातून आरपार जाणारा हवा." आणि त्यांनी वेताचं एक कडं पुढे केलं.

"किती साधं घराणं!" बगळेकाका म्हणाले.

आधी नदीतल्या मासोळ्या गेल्या. मचूळ पाण्यात त्यांचे डोळे पांढरे झाले. "सवय होईल," आजोबा म्हणाले. सवय व्हायच्या आधीच त्या दिसेनाशा झाल्या. मग खाडीतली कोळंबी गेली. तिला पाणी मानवलं. वामसाहेबांना कोळंबी मानवली.

समितीनं राजाला कळवलं, "टाकीत एकदाही भांडण नाही."

मग निवटीची पाळी आली. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा, पाण्याबाहेरही जगणारा मासा. तिच्या बापानं तिला न विचारताच हो म्हटलं होतं. बदल्यात राजाच्या अंगणातला चिखल त्याला कबूल झाला होता.

निवटीला टाकीपाशी आणलं. तेवढ्यात वामसाहेबांनी वाळूतून तोंड काढून जांभई दिली. निवटीनं तोंड बघितलं. मग कडं बघितलं. मग परत तोंड बघितलं. तिच्या पाठीवरचा पंख ताठ उभा राहिला.

"पंख पाड," बाप पुटपुटला. "मोठ्यांसमोर पंख उभारतात का?"

"बाबा, कडं त्यांच्या तोंडाच्या मापाचं आहे."

"नवीन घर म्हटलं की पोरींना असंच वाटतं," बगळेकाका म्हणाले.

"आधीच्या कुठं गेल्या, काका?"

"रमल्या."

"दिसत नाहीत."

"इतक्या रमल्या."

निवटीला कड्यात घातलं. ती अडकली. पंख पाडला असता तर गेली असती. तिनं पाडला नाही. शेवटी तिला ओढून बाहेर काढलं.

बेडूक आजोबा फुगले. "काय ही आजकालची पिढी! आमच्या वेळी आम्ही असल्या कड्यांतून हसत हसत जायचो."

"मग दाखवा ना, आजोबा," निवटी म्हणाली. "आम्हाला काय कळतंय? अनुभव तुमचा."

राजा बघत होता. अध्यक्षांना नाही म्हणता येईना. त्यांनी फुगवलेलं पोट आत घेतलं. वयानं वाळलेलेच होते. कड्यातून सुळकन आरपार गेले. बगळेकाकांनी चोच वाजवून दाद दिली.

टाकीतून आवाज आला, "पसंत आहेत."

राजाला उशीर आवडत नसे. त्यानं आजोबांना उचलून टाकीत सोडलं.

"अहो, पाणी मचूळ आहे!" आजोबा ओरडले.

"सवय होईल," निवटी म्हणाली, आणि उड्या मारत खाडीकडे निघून गेली.

नवे अध्यक्ष बगळेकाका झाले. त्यांनी राजाला कळवलं की आजोबा टाकीत फार रमले.

तात्पर्य: वडीलधाऱ्यांच्या अनुभवाचा नेहमी आदर करावा. तो आधी त्यांनाच घेऊ द्यावा.