उद्या डेटाबेस बदलावा लागला तर?

रुग्णालयाची मागणी अगदी साधी होती. रुग्णाचं नाव टाकलं की त्याच्या शस्त्रक्रियेची पाळी कधी आहे, ते पडद्यावर दिसावं. शहरात डोळ्यांचं हे एकच रुग्णालय. तिथला जुना प्रोग्राम म्हातारा झाला होता, अधूनमधून धापा टाकत होता, पण व्हरांड्यातल्या फलकावर रोजच्या पाळ्या मात्र न चुकता दाखवत होता. नवा बनवण्याचं काम एका सॉफ्टवेअर कंपनीकडे आलं आणि कंपनीने ते आपल्या सर्वांत दूरदर्शी माणसाकडे सोपवलं. इथून पुढे जे घडलं ते सगळं रीतसर घडलं, हे आधीच नमूद केलेलं बरं.

या माणसाला हाताखालची मंडळी त्यांच्या माघारी उद्याकाका म्हणत. बैठकीत कुणी काही सुचवलं की ते चष्मा कपाळावर चढवून एकच प्रश्न विचारत, उद्या डेटाबेस बदलावा लागला तर? उभ्या नोकरीत त्यांनी एकही डेटाबेस बदललेला पाहिला नव्हता. पण भूकंप झाला नाही म्हणून इमारत कच्ची बांधायची का, असं ते विचारत.

डेटाबेसमध्ये माहिती ओळी-रकान्यांत राहते आणि प्रोग्रामची बोली निराळी असते. दोघांमध्ये निरोपांची ने-आण करायला तयार दुभाष्या मिळतो, त्याला मॅपिंग लायब्ररी म्हणतात. असे दुभाषे पुष्कळ आहेत आणि फुकट मिळतात, म्हणूनच निवडायला फार वेळ लागतो. त्यांची नावं इथे मुद्दाम दिलेली नाहीत. दिली तर त्या धंद्यातले वाचक गोष्ट अर्ध्यावर टाकून बाजू घेतील.

आता या कामात उद्याकाकांचा घरचा जीव गुंतला होता. त्यांच्या आईचा एक डोळा केव्हाच गेला होता आणि दुसऱ्यात मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी बजावलं होतं की फार पिकू देऊ नका. कपात चहा किती झाला हे कळावं म्हणून आई कपाच्या कडेला आतून बोट धरून चहा ओतत आणि चटका बसला की थांबत. याच रुग्णालयात त्यांचं नाव पाळीला लागलं होतं. त्या म्हणाल्या, "मी सकाळी जाऊन बाकड्यावर बसत जाते रे. नाव पुकारलं की उठायचं." उद्याकाकांना हे लाजिरवाणं वाटलं. ज्याच्या हातून अख्ख्या रुग्णालयाचा प्रोग्राम घडतोय, त्याची आई बाकड्यावर बसणार म्हणजे काय! ते म्हणाले, "आई, तू घरी बस. तुझी पाळी मला माझ्याच पडद्यावर दिसेल."

इकडे दुभाष्या निवडायला मंडळ बसलं. एका पक्षाला जाडजूड दुभाष्या हवा होता, न सांगताही सगळं करणारा. दुसऱ्याला सडपातळ हवा होता, सांगितलं तरी फार न करणारा. दोन्हींच्या पुरस्कर्त्यांमध्ये इतकं फाटलं की कॅन्टीनमध्ये टेबलं वेगळी झाली. एकाने दुसऱ्याच्या बहिणीच्या लग्नाला जाणं रद्द केलं. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तशातली गत. वेग मोजून बघू, असं एका मुलीने सुचवलं तेव्हा तिला शांतपणे समजावण्यात आलं की मोजायला माहिती लागते, माहिती आणायला दुभाष्या लागतो आणि दुभाष्या अजून ठरायचा आहे. मग कोणत्या दुभाष्याला इंटरनेटवर जगभरातून पसंतीच्या जास्त चांदण्या मिळाल्यात ते बघून निकाल लावायचं ठरलं. त्या चांदण्या बहुतेक अशाच मंडळींनी दिल्या होत्या, जी निवडायला बसली होती आणि अजून कामाला लागली नव्हती.

जाडजूड दुभाष्या निवडून आला. टाळ्या थांबायच्या आत उद्याकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणाले, उद्या हाच बदलावा लागला तर? मुद्दा बिनतोड होता. तेव्हा दुभाष्याशी कुणी थेट बोलू नये म्हणून त्याच्यापुढे एक मध्यस्थ लिहून काढण्यात आला. मध्यस्थही उद्या बदलू शकतो हे ध्यानात आल्यावर मध्यस्थावर देखरेख करणारा आणखी एक लिहिला गेला. नमनालाच घडाभर तेल गेलं होतं, नाटकाची तिसरी घंटा अजून व्हायची होती.

दरम्यान उद्याकाकांनी रुग्णालयाला कळवलं की नवी व्यवस्था येत असल्याने जुना प्रोग्राम तात्काळ बंद करावा, म्हणजे माहिती हलणार नाही. जुना प्रोग्राम बंद झाला. व्हरांड्यातला फलक काळा पडला. माहिती खरोखरच हलली नाही, माणसं मात्र दुसऱ्या दिवसापासून उजाडायच्या आत येऊन बसू लागली. मेट्रनबाई दारात उभ्या राहून नावं पुकारत. जो हजर तो आत जाई, जो नाही त्याचं नाव शेवटाला जाई, आणि नोंदींची वही नव्या प्रोग्रामात भरायला कंपनीकडे जाई. त्यांनी कंपनीत फोन केला की साहेब, निदान जुनं तरी चालू करा. त्यांना सांगण्यात आलं की मागे जाणं आमच्या धोरणात बसत नाही.

आई अधूनमधून विचारत, माझं काही दिसलं का रे? उद्याकाका म्हणत, उद्या. ते खोटं बोलत नसत. त्यांची मनापासून तशी समजूत असे.

शेवटी पडदा दाखवण्याचा दिवस आला. रुग्णालयाचे संचालक आले, मेट्रनबाई आल्या, दोन्ही पक्ष आपापल्या भिंतीला टेकून उभे राहिले. उद्याकाकांनी छाती किंचित पुढे काढून आपल्या आईचंच नाव टाकलं. देखरेख करणाऱ्याने मध्यस्थाला सांगितलं, मध्यस्थाने दुभाष्याला. दुभाष्या पडला माणुसकीचा. एकट्या म्हातारीला कसं आणायचं, म्हणून त्याने सोबत तिचे डॉक्टर आणले. डॉक्टरांबरोबर त्यांचे सगळे रुग्ण आले, रुग्णांबरोबर त्यांचे नातलग, नातलगांचे पत्ते, आणि त्या पत्त्यांवर पूर्वी कधी राहून गेलेले लोक. एका नावासाठी सगळं रुग्णालय उठून दाराशी आलं. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. संचालकांचा चहा झाला, बिस्किटं झाली, हवापाण्याच्या गप्पाही संपल्या.

मग उत्तर आलं. अचूक आलं. पाळी मागच्याच आठवड्यात होती, आणि पुढच्या रकान्यात लिहिलं होतं, गैरहजर.

पडदा चालतो हे सिद्ध झाल्याने टाळ्या पडल्या. भांडलेले दोन्ही पक्ष पहिल्यांदाच एकत्र टाळ्या वाजवत होते. फक्त मेट्रनबाईंचे हात मांडीवर होते. त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, या तुमच्या आई का? मी खूप वेळ त्यांचं नाव पुकारत होते हो. बाकड्यावर असत्या तर आज पट्टी सुटली असती."

उद्याकाकांचा चेहरा पडला. खरंच पडला, ते काही दगडाचे नव्हते. कुणी दुसरा असता तर त्या क्षणी उठून घरी गेला असता. पण संचालकांनी विचारलं की एवढा वेळ का लागला, आणि प्रश्न विचारला गेला की उत्तर देणं हा त्यांच्या रक्तातला गुण होता. दुभाष्या मंडळाने निवडलेला, म्हणजे निर्दोष. मध्यस्थ घरचेच. उरला डेटाबेस, आणि तो बिचारा काही बोलत नाही. उद्याकाकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"डेटाबेस बदलावा लागेल," ते म्हणाले. "मी म्हणत नव्हतो?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. दूरदृष्टी म्हणतात ती हीच. डेटाबेस बदलण्यात आला. नव्या डेटाबेसची भाषा जुन्या दुभाष्याला येत नाही, हे बदलल्यावर कळलं, तेव्हा नवा दुभाष्या निवडायला नवं मंडळ बसलं. उद्याकाका त्याचे अध्यक्ष झाले आणि त्यांची बढती झाली.

त्या संध्याकाळी त्यांनी घरी ही बातमी सांगितली. आई कपात बोट धरून चहा ओतत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुझा तो डेटाबेस बदलता येतो, चांगलंय," त्या म्हणाल्या. "डोळा कुठे बदलून मिळतो का, तेवढं मंडळात विचार."

उद्याकाकांनी तो मुद्दा टिपून घेतला, पण विषयपत्रिकेत नसल्याने तो पुढच्या बैठकीवर गेला.

ही गोष्ट आजवर पुष्कळांना सांगून झाली. शहाणीसुरती माणसं पोट धरून हसतात, उद्याकाकांना नावं ठेवतात, आमच्याकडेही असाच एक आहे म्हणतात. आणि हसू ओसरलं की डोळे पुसत, सगळे हटकून एकच विचारतात, ते जाऊ द्या, पण शेवटी कोणती लायब्ररी निवडली? तुमच्याही ओठावर तेच आलं असेल तर संकोच नको, सांगतो. दुसरी, सडपातळ.

आईंच्या डोळ्याचं काय झालं तेही सांगितलं असतं, पण तुम्ही विचारलं नाहीत.