चौदा ठिकाणची पुनरुक्ती

"चाळीस वर्षं लोकांची पुस्तकं सुधारली! एक फोटो सुधारायला मला कितीसा वेळ लागतोय!" प्रूफकाका म्हणाले, आणि तिथेच माशी शिंकली.

प्रूफकाका छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालेले. खिशात लाल पेन नसलं की त्यांना उघडं पडल्यासारखं वाटायचं. लग्न ठरल्यावर बायकोने पाठवलेलं पहिलं पत्र त्यांनी दुरुस्त करून तिलाच परत पाठवलं होतं. तरीही तिने लग्न केलं! आता ती जाऊन आठ महिने झाले होते. घर इतकं गप्प झालं होतं की नळ ठिबकला तरी काका "काय गं?" म्हणायचे.

तिला फोटोचं भारी वावडं. कॅमेरा दिसला रे दिसला की तोंडापुढे हात! धड चेहरा दिसेल असा फोटो उभ्या आयुष्यात एकच. लेकीने तो तिला बेसावध गाठून काढला होता. स्वयंपाकघराच्या दारात ती उभी, हातात डाव, कपाळाला आठी, तोंड उघडं, आणि डोक्यामागे दोरीवर काकांचा भोकं पडलेला बनियन. त्या क्षणी ती बनियनबद्दलच बोलत होती. "टाकून द्या हो तो एकदाचा!" हे वाक्य तिने दोन वर्षं रोज म्हटलं, आणि काकांनी दोन वर्षं रोज एकच उत्तर दिलं, "पुनरुक्ती!"

लेक रविवारी येणार होती. त्याआधी फोटो साफ करून, चौकटीत बसवून भिंतीवर लावायचा, असा काकांचा बेत होता.

"भावोजी, दुकानात द्या की," मेहुणी म्हणाली. ती मागच्याच गल्लीत राहायची आणि रोज डबा आणून द्यायची.

"दुकानात? त्याच्या पाटीवरच तीन चुका आहेत!"

काकांनी डिजिटल छायाचित्रकारांसाठी लिहिलेलं, विटेएवढं जाड पुस्तक विकत आणलं. चौदा धडे. पण कम्प्युटर सुरू करतील ते काका कसले! आधी पाच दिवस त्यांनी पुस्तक लाल पेन घेऊन वाचलं. एकशे अडतीस चुका निघाल्या. कित्येक महिन्यांनी त्यांना दोन घास जास्त गेले.

एका गोष्टीने मात्र त्यांचं डोकं फिरलं. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला तेच ते वाक्य: 'मूळ फोटोला हात लावू नका. त्याची प्रत काढा, तिला नवं नाव द्या आणि तिच्यावरच काम करा.'

"प्रस्तावनेत सांगून झालंय ना बाबा! मग चौदा वेळा कशाला? वाचक काय बावळट आहे?"

चौदाही ठिकाणी लाल रेघ! वर दुरुस्त्यांची यादी करून प्रकाशकाला पाठवूनही दिली. मग काका कम्प्युटरसमोर बसले आणि आपण सुधारलेल्या पुस्तकाबरहुकूम कामाला लागले. प्रस्तावना पुन्हा कोण वाचतो!

पहिल्या धड्यात उजेड वाढवला. सेव्ह! दुसऱ्यात डाव पुसला. सेव्ह! तिसऱ्यात 'नको असलेला भाग कापून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा' असं होतं. काकांनी बनियनभोवती माउस फिरवला. माउस सटकला, आणि बनियनबरोबर बायकोचा उजवा कान, भुवई आणि अख्खा डोळा कापून निघाला!

"हात्तिच्या!" काका म्हणाले. पण चौथ्या धड्यात इथलं उचलून तिथे लावायची युक्ती होतीच. डावा डोळा उचलला, उलटा केला, उजवीकडे बसवला. आता दोन्ही डोळे सारखे दिसायला लागले, पण आठी एकाच बाजूला राहिली. आठी पुसली. मग सुरकुत्या उगाच उठून दिसायला लागल्या. त्या पुसल्या. मग हनुवटीवरचा व्रण, मग उघडं तोंड. चौदाव्या धड्याअखेर पडद्यावर इस्त्री केलेल्या चादरीसारखा चेहरा होता. सेव्ह!

रविवारी मेहुणीने पाहिलं. "छानच हो भावोजी! कोण आहेत या?"

काका कसनुसं हसले. पाठोपाठ लेक आली. तिने पडद्याकडे पाहिलं.

"बाबा, ही आई नाही. मूळ फोटो उघडा."

"हाच मूळ. म्हणजे होता. तुझ्या कॅमेऱ्यात असेल ना?"

"तुमच्याकडे टाकला आणि पुसला मी. जागा नव्हती. बाबा, प्रत काढली नाहीत? कुठल्याही पुस्तकात पहिलं तेच सांगतात!"

काकांनी पुस्तक उघडलं. पहिला धडा, लाल रेघ. दुसरा धडा, लाल रेघ. पुढची पानं उलटायची त्यांना हिंमत झाली नाही. लेक ओठ चावत खिडकीशी गेली आणि मग तिला रडूच कोसळलं. आठ महिन्यांपूर्वी आई गेली होती. आज बाबांनी तिला पुसून टाकलं.

शेवटी मेहुणीनेच विचारलं, "ती बाजूची फाइल कसली?"

"कापलेला बनियन."

लेकीने ती उघडली. मधोमध, भोकांसकट, बनियन. त्याच्या कडेला एक कान, चढलेली भुवई आणि संतापलेला एक डोळा.

"ही ताई!" मेहुणी म्हणाली. "बाई गं, अगदी अश्शीच बघायची!"

तोच तुकडा छापला, तोच चौकटीत घालून भिंतीवर लावला. दुसरं होतंच काय! येणारेजाणारे विचारायचे, "बनियनचा फोटो का लावलाय?"

महिन्याभराने प्रकाशकाचं पत्र आलं. 'आपल्या सर्व दुरुस्त्या नव्या आवृत्तीत साभार घेत आहोत. विशेषतः चौदा ठिकाणची पुनरुक्ती काढल्याने पुस्तक फारच सुटसुटीत झाले आहे. पुढच्या सोमवारी छपाईला जाईल.'

काकांना दरदरून घाम फुटला. त्यांनी वर पाहिलं. डोळा त्यांच्याकडेच बघत होता. काकांच्या अंगात आत्ताही तोच बनियन होता.

ते उठले आणि अंगातला बनियन काढून केराच्या टोपलीत टाकला. मग उघड्या अंगाने टेबलाशी बसून लाल पेनाने प्रकाशकाला पत्र लिहिलं: 'कृपया ते वाक्य परत घाला.' खाली पुन्हा लिहिलं, 'कृपया ते वाक्य परत घाला.' असं चौदा वेळा लिहिलं, आणि एकदाही खोडलं नाही.