दहा दुःखी पुरुष सादर करणेबाबत

किमिलिलीच्या रस्त्यावर, दळणाच्या गिरणीसमोर आमचा बोडाचा, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलींचा, थांबा आहे. सव्वीस मोटरसायकली, सव्वीस सभासद, एक घटना आणि एक शिक्का. शिक्का अध्यक्ष न्योंगेसांकडे असतो. इतिवृत्ताची वही माझ्याकडे, कारण मी चिटणीस. ऑगस्टच्या तिसऱ्या सोमवारी सभासद क्रमांक एकोणीस, बारासा, हा हेल्मेटच्या आत रडताना आढळला, अशी तोंडी तक्रार दाखल झाली.

तक्रारदार नेकोये मावशी. पालेभाजीची पाटी घेऊन त्याच्या मागे बसली होती.

"मला वाटलं गाडीच थरथरतेय," ती म्हणाली. "म्हटलं, इंजिनाचं काही झालं असेल. मग बघते तर गाडी बंद आणि पोरगा चालू."

"मावशी, हेल्मेटची काच खाली होती की वर?" अध्यक्षांनी विचारलं.

"वर. का रे?"

काच खाली असती तर प्रकरण खाजगी ठरलं असतं. काच वर होती, सबब रडणं सार्वजनिक. तातडीची सभा बोलवावी लागली.

एका वर्षापूर्वी असा प्रश्न आला असता तर आम्ही बारासाला चहा पाजून मोकळे झालो असतो. पण मधल्या काळात थांबा मेजर म्बोगोंच्या पलटणीत दाखल झाला होता. मेजर कुठल्याही सैन्यात नव्हते. ते रोज पहाटे पाचला रेडिओवर असतात आणि उरलेला दिवस आमच्या फोनवर. त्यांचा आवाज असा की ऐकताना आपणच गुन्हा केल्यासारखं वाटतं. "पुरुष हा दगड आहे!" ते ओरडतात, आणि आम्ही सव्वीस दगड माना डोलावतो.

मेजरांच्या आज्ञा सोप्या होत्या. पुरुष चहात दूध घालत नाही. त्यामुळे चौदा सभासदांना जळजळ सुरू झाली, पण जळजळ सांगणं हेही पुरुषाला शोभत नसल्याने ती नोंदवता आली नाही. पुरुष वाट विचारत नाही. त्यामुळे आमच्यातल्या मासिंदेने एका बाईला भलत्याच गावच्या मयतीला नेऊन सोडलं. ती तिथे दोन तास रडली, जेवली आणि परत आल्यावर म्हणाली की माणसं चांगली होती.

आम्हाला हे सगळं पटायला वेळ लागला नाही. आमच्याकडे मुलगा पुरुष होतो तो सुंतेच्या सुरीपुढे, पहाटेच्या गारठ्यात, अंगाला नदीचा चिखल फासून, पापणी न हलवता. आम्ही सगळे तसे उभे राहिलेलो आहोत. फरक इतकाच की म्हाताऱ्यांनी पापणी न हलवण्याची अट एका सकाळपुरती घातली होती. मेजरांनी तिला जन्मभराची मुदतवाढ दिली.

सभेत बारासाला विचारण्यात आलं, "कारण काय?"

"एप्रिलमध्ये मूल गेलं ना," तो म्हणाला.

ते सगळ्यांना माहीत होतं. मूल जन्मलं तेव्हाच गेलेलं होतं. आमच्याकडे असं मूल बायाच पुरतात, घरामागे केळींत. पुरुष तिकडे जात नाही. बायका आठ दिवस नालियाकाजवळ, म्हणजे त्याच्या बायकोजवळ, बसून होत्या. कुणी तिचं डोकं चेपत होतं, कुणी पेज भरवत होतं. बारासा दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला थांब्यावर हजर होता. हजेरीत तशी नोंद आहे.

"मग त्याच वेळी अर्ज करायचास," अध्यक्ष म्हणाले. "घटनेत मयतीची सोय आहे. सगळा थांबा घरी येऊन बसला असता."

"केला होता."

मी वही चाळली. अर्ज खरंच होता. 'मयताचे नाव' या ओळीपुढे रिकामी जागा होती आणि तिच्यावर लाल शाईत 'अपूर्ण, सबब परत' असा शेरा. अक्षर माझं होतं. नियमच तसा आहे, नाव नसलेल्या माणसाला मरता येत नाही.

सर्वानुमते बारासाला समज देण्यात आली आणि ठराव सात मंजूर झाला: थांब्यावर कोणीही सभासद दुःखी असणार नाही.

गुरुवारी सरकारी परिपत्रक आलं. पुरुषांच्या मनाच्या आरोग्याचा सप्ताह साजरा होणार होता. प्रत्येक थांब्याने 'मन मोकळं केलेले' दहा पुरुष सादर करावेत, सहीनिशी, आणि त्यांचे मोकळे होण्यापूर्वीचे व नंतरचे फोटो जोडावेत. जो थांबा हे करील त्याला पत्र्याची शेड मंजूर होईल. आम्ही चार वर्षं शेड मागत होतो.

"ठराव सात म्हणतो, एकही दुःखी नको," मी म्हणालो. "परिपत्रक म्हणतं, दहा पाहिजेत."

अध्यक्षांनी डोळे मिटले. विचार करताना ते मिटतात, झोपताना उघडे ठेवतात. "दुःख प्रत्यक्ष नको," ते म्हणाले, "प्रातिनिधिक चालेल."

त्यानुसार थांब्यावरचे दहा सर्वांत आनंदी सभासद निवडण्यात आले, आणि गिरणीमागे रोज दुपारी सराव सुरू झाला. मासिंदेच्या वाट्याला गाय मेल्याचं दुःख आलं.

"अरे, गाय मेली म्हणताना हसतोस काय?"

"अध्यक्षसाहेब, आमची गाय धडधाकट आहे हो. मी 'मेली' म्हणतो आणि तिचा तो रवंथ करणारा चेहराच समोर येतो."

"मग दुसऱ्याची गाय मार!"

"दुसऱ्याची मेली तर मला कशाला वाईट वाटेल?"

शेवटी त्याला बायको माहेरी गेल्याचं दुःख देण्यात आलं. तेव्हा तर त्याला हसू आवरेचना.

बारासा गिरणीच्या भिंतीला टेकून हे बघत होता. तिसऱ्या दिवशी तो पुढे आला.

"मला घ्या ना. माझं तयारच आहे."

"तेच तर," अध्यक्ष म्हणाले. "तू खरंच रडशील. सगळ्यांसमोर. मग थांब्याची काय इज्जत राहील?"

"साहेब, मला झोप लागत नाही. परवा नदीच्या पुलावर गाडी लावून उभा होतो. पाण्याकडे बघत. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही."

गिरणीचा पट्टा फटफट करत होता.

"पुलावर गाडी लावायला मनाई आहे," अध्यक्ष म्हणाले.

मी नोंद केली: नियम नऊचा भंग.

सप्ताहाच्या मुख्य कार्यक्रमाला पाहुणे म्हणून मेजर म्बोगोंना बोलावलं होतं. समुपदेशक चेरोटिच मॅडमना हे आवडलं नव्हतं, पण त्यांचाही नाइलाज होता. मेजर आले नाहीत तर पुरुष येत नाहीत, आणि पुरुष आले नाहीत तर पुरुषांचं कल्याण कुणासमोर करायचं? मेजर आले, टाळ्या झाल्या. "पुरुषाने तोंड उघडावं," ते गरजले, "जेवताना!" पुन्हा टाळ्या. मॅडमनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि परिपत्रकाकडे बघत राहिल्या.

आमच्या दहा जणांनी दहा दुःखं सांगितली. मासिंदेने चेहरा हातात लपवला. त्याचे खांदे हसण्याने हलत होते आणि मंडपातल्या बायकांनी हळहळून च्च च्च केलं. नंतरचा फोटो आधीच्या फोटोसारखाच आला, म्हणून आधीचा पुन्हा काढला.

मग मागच्या बाकावरून बारासा उभा राहिला. "मला बोलायचंय."

मॅडमनी तक्ता उलटसुलट करून पाहिला. "दहाच रकाने आहेत हो. तुम्ही अकरावे. पुढच्या वर्षी जरा लवकर नाव द्या."

"पुढच्या वर्षी," बारासा म्हणाला. म्हणजे त्याने ते दोन शब्द फक्त पुन्हा म्हटले, एखादा परका पत्ता वाचावा तसे.

मेजरांनी मोठ्या मनाने माइक हातात घेतला. "जवाना, पहाटे पाचला फोन लाव. थोडक्यात सांग. जाहिरात लागायच्या आत."

लोक हसले. मी पण हसलो. बारासा गाडीवर बसला आणि पुलाच्या दिशेने गेला.

शेड मंजूर झाली.

तो पुलावर थांबला नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण नालियाका थांब्यावर आली. त्याला शोधत ती पुलापर्यंत धावत गेली होती. पायात एकच चप्पल उरली होती, आणि तो शेवटी घराच्या अंगणातच सापडला होता; त्याला तिने आत नेऊन आडवं केलं होतं.

"भाऊजी, आज यांची सुट्टी लिहा."

"कारण काय लिहू, वहिनी?"

"मी सांगितलं म्हणून."

घटनेत असं कारण नाही. तिच्या चेहऱ्याकडे बघून मी लिहिलं.

आरोग्य केंद्राच्या ओट्यावर दर गुरुवारी काही बायका जमतात. मूल गेलेल्या बायका. त्यांचा ठराव नाही, शिक्का नाही; शेंगा सोलत बसतात आणि बोलतात. नालियाका बारासाला हाताला धरून तिथे घेऊन गेली. पहिल्या गुरुवारी तो नुसत्या शेंगा सोलत होता. दुसऱ्या गुरुवारी त्याने विचारलं, मुलगा होता की मुलगी. त्याला ते कुणी सांगितलंच नव्हतं. पुरणाऱ्या बायांत असलेल्या नेकोये मावशीने पाटी खाली ठेवली, म्हणाली, "मुलगी होती रे. केस होते डोक्यावर, भरपूर. चल," आणि त्याला केळींत घेऊन गेली. त्या दिवशी तो काच नसलेल्या ठिकाणी, सगळ्यांच्या देखत रडला, आणि त्या रात्री झोपला.

थांब्याची इज्जत धोक्यात आली. बारासाचं सभासदत्व रद्द करण्यात आलं. तरी पुढच्या गुरुवारी केंद्रासमोर मासिंदेची गाडी दिसली. "भाडं सोडायला आलो होतो," तो म्हणाला. त्याच्या पुढच्या गुरुवारी सहा गाड्या होत्या. सहाही जण भाडं सोडायला आले होते, भाडं मात्र एकही नव्हतं. चौकशीसाठी अध्यक्ष जातीने गेले आणि संध्याकाळपर्यंत परतले नाहीत. त्यांचे वडील गेल्याला अकरा वर्षं झाली होती, आणि ते बायकांना इतकं सविस्तर सांगत होते की शेंगा संपल्या. मी केवळ नोंद घ्यायला गेलो होतो. नोंद झाली नाही. अडीच वाट्या दाणे झाले.

मेजरांकडून कडक शब्दांत पत्र आलं, म्हणून शेवटच्या सभेत ठराव अकरा मंजूर करावा लागला: पुरुषाचं दुःख जो कोणी शेवटपर्यंत ऐकून घेईल, तोही तितकाच दोषी. नावांची यादी करायचं काम माझ्याकडे आहे. अध्यक्षांचं नाव मानाने पहिलं. माझं दुसरं.

तुम्हीही इथपर्यंत ऐकलंतच. तेव्हा नाव सांगा, लिहून घेतो. आणि मधलं सोडून थेट शेवटावर आला असाल तर काही काळजी नको. तुम्ही थांब्याचे सन्माननीय सभासद व्हा. नव्या पत्र्याखाली गुरुवारी भरपूर जागा असते.