आप्पांच्या हॉटेलातली चॉकलेटची वाटी

मलकापुरात भिकाआप्पांच्या हॉटेलात गोड मागवलंत, की आप्पा खुर्ची ओढून तुमच्यासमोर बसतात आणि तुमच्या तोंडाकडं बघतात. दातांचा डॉक्टरसुद्धा इतक्या जवळून बघत नाही.

"सावधान," आप्पा म्हणतात. "आता पैला चमचा. घाई न्हाई करायची."

हे हॉटेल इटालियन आहे. हसा, मीही हसलो होतो. हायवेला गाडी पंक्चर झाली म्हणून मागच्या गल्लीत शिरलो, तर एका घरावर पाटी : 'इटालियन जेवण, घरगुती.' आप्पांची अख्खी नोकरी लष्कराच्या मेसमध्ये गेली. साहेबलोकांसाठी शिकलेला पास्ता त्यांनी पेन्शनीबरोबर गावाला आणला. "इटली म्हंजी काय, गव्हाचंच राज्य," हा त्यांचा भूगोल. पिझ्झा मुलगा भाजतो, गल्ला सून सांभाळते आणि आप्पा पंगतीत फिरावं तसे पातेलं घेऊन फिरतात. 'वाढू का' असं विचारत नाहीत, वाढतात. मी एकदा ताटावर हात आडवा धरला, तर पास्ता हातावर वाढला.

पण खरी कमाल शेवटी. मालनकाकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, स्टीलच्या वाटीत चॉकलेटचा केक भाजतात. वरून अगदी साधा. चमचा खुपसला, की आतलं गरम चॉकलेट कोयनेचे दरवाजे उघडल्यासारखं बाहेर येतं. ते खाताना एक वऱ्हाड लग्नाला जायचं विसरलं, असं मी साताऱ्यात सांगतो. सांगलीत सांगताना त्यात नवरदेवही असतो.

आप्पा स्वतः मात्र त्याला बोट लावत नाहीत. "शुगर हाय." काकू म्हणून म्हणून थकल्या, "आवं, नुसतं चाटून तर बघा." आप्पा ढिम्म.

मग एकदा कराडला स्टँडसमोर मला आप्पा दिसले. हातात जिलेबी. पावशेर असेल, मी लोकांना दोन किलो सांगतो.

"आप्पा, शुगर?"

त्यांनी तोंडातलं कडं शांतपणे संपवलं. "कवाच नव्हती."

आम्ही बाकड्यावर बसलो. आप्पा जिलेबीकडं बघतच बोलले. "मालन ऑपरेशनला आत गेल्ती. डाक्टर काय नीट बोलंना. म्या शिंगणापूरच्या महादेवाला बोललो, हिला घरला आण, सगळ्यात आवडतं ते सोडतो. हिच्या हातचं चॉकलेट सोडलं."

"मग काकूंना सांगायचं की."

"सांगितलं तर ती करायचंच सोडंल. करताना गुणगुणती ती. ऐकलंय का कवा?"

पुढच्या खेपेला मी वाटी मागवली. आप्पांनी नेहमीसारखी खुर्ची ओढली, पण 'सावधान' म्हणाले नाहीत. स्वयंपाकघराकडं एकदा बघून हळूच म्हणाले, "पावनं, तुमी लय फेकता. आज तेवढं खरं सांगा. कसं झालंय?"

मी पहिला चमचा तोंडात धरला. एकही वऱ्हाड सुचलं नाही.

"आधी जरा कडू लागतं," मी म्हणालो. "मग गोड. आणि गिळल्यावर कॉफीसारखं काहीतरी जिभेवर राहतं."

आप्पांनी मिटल्या तोंडात जीभ फिरवली. आत काकू गुणगुणत होत्या.

"कॉफी आधी नव्हती," आप्पा म्हणाले. "नवीन घातलीया."