बारा बायका आणि चौतीस नंबर

बायकांच्या आतल्या कपड्यांचं माझं दुकान उस्मानपुऱ्यात आहे, आणि बावीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाला टेप लावलेला नाही. गरजच काय? बाई पायरी चढेपर्यंत मी डबा खाली काढलेला असतो! बारीक असेल तर बत्तीस, जाड असेल तर अडतीस आणि उरलेली सगळी दुनिया चौतीस. सासूबाईंनी दुकान माझ्या हवाली केलं तेव्हा हेच शिकवलं होतं. गिऱ्हाइकंही खूश, कारण आपलं माप तोंडाने सांगायची लाज वाचते.

त्यामुळे कन्नडहून साळूबाईंचा फोन आला तेव्हा मी अगदी निर्धास्त होते. साळूबाई तिथल्या बचत गटाच्या अध्यक्ष. चाळिशी ओलांडलेल्या बायकांच्या कबड्डी स्पर्धेत त्यांनी संघ उतरवला होता. शाळेत असताना त्या तालुक्यात गाजलेल्या खेळाडू. पण लग्न ठरलं आणि खेळ सुटला तो सुटलाच. आता सत्तावीस वर्षांनी, येत्या रविवारी त्या मैदानात उतरणार होत्या, तेही टी-शर्ट घालून! बारा जणींना टी-शर्टच्या आत घालायला नीट ब्रा हवी होती, आणि माप सांगायला एकही तयार नव्हती.

मी म्हटलं, मापाचं सोडा, सगळ्यांचा मिळून एक फोटो पाठवा.

फोटो आला. बँकेच्या दारात बारा बायका, सगळ्यांचे पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट. चेहरे आणि मनगटं सोडली तर काही म्हणजे काही दिसत नव्हतं. पण अनुभव म्हणून काही चीज असते की नाही? मनगटं बघून मी पाच मिनिटांत बारा डबे बांधले आणि दुपारच्या एसटीने रवाना केले.

शुक्रवारी सकाळी दुकानापुढे जीप थांबली आणि बाराच्या बारा जणी खाली उतरल्या.

आदल्या दिवशी त्या शाळेतल्या पोरींशी सराव सामना खेळल्या होत्या. साळूबाई चढाईला गेल्या आणि दोनदा 'कबड्डी' म्हणताच त्यांचा दम संपला. पुढची गेली, तिचीही तीच गत. तिसरीचा पट्टा ऐन मध्यरेषेवर तुटला. ती एका हाताने खांदा धरून तशीच आत घुसली, तेव्हा समोरच्या पोरी हसून हसून खाली बसल्या आणि तिने दोघी-तिघींना शिवून घेतलं. संघाला मिळाले ते तेवढेच गुण.

"मला वाटलं, वय झालं आपलं," साळूबाई म्हणाल्या. "लई रडले, ताई. मंग हे काढून ठिवलं अन् एका दमात चाळीसदा कबड्डी म्हणलं."

मला फार वाईट वाटलं. तरी मी सासूबाईंचा नियम सांगून बघितला. त्यावर त्यांनी शांतपणे विचारलं, "तुमच्या सासूच्या टायमाच्या बाया आता ऱ्हायल्यात का?"

त्यांच्यातली आवडाबाई शिवणकाम करणारी. तिने शटर अर्ध्यावर ओढलं, पिशवीतून टेप काढला आणि एकेकीला धरून मोजायला लागली. बारातला माझा एकही अंदाज बरोबर नव्हता! अंगाने थोराड साळूबाईंना छातीखालचा पट्टा मोठा लागत होता, पण कप लहान. काडीसारख्या आवडाबाईचं नेमकं उलटं. दुकानात तीनशे डबे, आणि त्यांच्या कामाचा एक नाही.

"आता तुम्ही या," आवडाबाई मला म्हणाली. मी नको नको म्हणेपर्यंत टेप पाठीमागून फिरलासुद्धा. मी घालते चौतीस. तिने दोनदा मोजलं आणि हळूच सांगितलं, अडतीस, आणि कपही दोन अक्षरं पुढचा.

"पाठ दुखती का रोज?" तिने विचारलं. मी मान डोलावली. इतकी वर्षं मी ते दुकानात उभं राहण्याचं दुखणं समजत होते.

मी तिथल्या तिथे वैजनाथरावांना, म्हणजे आमच्या घाऊक व्यापाऱ्यांना, फोन लावला. ते म्हणाले, असली मापं आपल्या भागात कुणाला लागत नाहीत. मी म्हटलं, लागतात, समोर बसल्यात, आणि माल उद्या सकाळी पोचलाच पाहिजे. (पोचला. रविवारी साळूबाईंनी एका चढाईत तिघींना बाद केलं, हे आत्ताच सांगून टाकते.) मी एकेक माप वाचून दाखवलं. शेवटी 'अडतीस डी' म्हटल्यावर वैजनाथराव थांबले.

"बाराच म्हणालात ना? हे तेरावं."

बाराही जणी माझ्याकडे बघत होत्या.

"ते माझ्या नणंदेचं," मी म्हणाले.

मला नणंद नाही.